तिसऱ्या रांगेत कोण बसणार?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : कुटुंबासाठी लक्झरी एसयूव्ही

या वेळच्या बहुतेक पत्रांत प्रश्न एकच आहे : ‘यातली सगळ्यात चांगली कोणती?’ घरात माणसं किती, गाडी रोज किती किलोमीटर जाते आणि रात्री कुठे उभी राहते हे कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. ज्या पत्रांत ही माहिती होती, ती आधी घेतली आहेत.

प्रश्न : घरात आम्ही दोघं, सत्तरीच्या पुढचे आई-बाबा, चार वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचा मुलगा. महिन्यातून दोनदा चिपळूणला गावी जातो. मर्सिडीज जीएलएस, बीएमडब्ल्यू एक्स७, ऑडी क्यू७, व्होल्व्हो एक्ससी९० आणि लँड रोव्हर डिफेंडर ११० पाहून झाल्या. ऑन-रोड दीड कोटीपर्यंत जाऊ शकतो. कोणती घ्यावी? – एक वाचक, पुणे

उत्तर : गाड्यांची तुलना जरा बाजूला ठेवा आणि कागदावर सहा चौकोन काढून कोण कुठे बसणार ते लिहा. तुम्ही चालवणार, बाबा शेजारी. उरले चौघं, त्यांत दोन मुलांच्या सीट. बाळाची सीट मागे तोंड करून लागते आणि एकदा ती मधल्या रांगेत बसवली की त्या बाजूची सीट वाकवून तिसऱ्या रांगेत जाता येत नाही. दुसऱ्या बाजूला आई बसल्या, तर तिसऱ्या रांगेतल्या माणसाला चढा-उतरायला प्रत्येक थांब्यावर त्यांना खाली उतरावं लागणार. पावसात, घाटातल्या चहाच्या टपरीपाशी, गुडघे दुखत असताना. सात सीटच्या गाड्यांची ही अडचण शोरूममध्ये कधीच दिसत नाही, कारण तिथे मधली रांग रिकामी असते.

म्हणून तुमच्या घरासाठी मधल्या रांगेत दोन स्वतंत्र सीट आणि त्यांच्यामधून मागे जायला वाट, अशी सहा सीटची मांडणी हवी. तुमच्या यादीत ती एक्स७मध्ये मिळते. मांडणी अशी करा : बाळाची सीट चालकाच्या मागे, आई डाव्या बाजूला म्हणजे फुटपाथकडे उतरतील, आणि तिसऱ्या रांगेत पत्नी व मुलगी. बाळाचं तोंड मागे असल्यामुळे तिसऱ्या रांगेतल्या पत्नीला ते समोर दिसत राहतं. रडायला लागलं तर हात पोचतो. मुलीची सीट तिसऱ्या रांगेत आयसोफिक्सने (गाडीतल्या ठरलेल्या कड्यांत अडकणाऱ्या हुकांनी) बसते की फक्त बेल्टने, हे मात्र तुमच्याच सीटने गाडीत बसवून पाहा. चार वर्षांच्या मुलीला अजून पाच पट्ट्यांची सीट लागते, नुसता बूस्टर पुरत नाही.

बाकीच्या चारही गाड्या आपापल्या जागी चांगल्या आहेत. जीएलएसचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३,१३५ मिमी, एक्स७चा ३,१०५, तर एक्ससी९०चा २,९८४. हा दीडशे मिमीचा फरक जवळजवळ सगळा मागच्या गुडघ्यांना मिळतो. जीएलएसच्या तिसऱ्या रांगेत १९४ सेंमी उंचीचा माणूस बसू शकतो असं मर्सिडीज म्हणते. एक्ससी९०साठी व्होल्व्हो १७० सेंमी सांगते. तिसऱ्या रांगेत नेहमी मोठी माणसंच बसणार असतील, तर आमचं मत जीएलएसला. तुमच्याकडे तसं नाही.

एक्ससी९०च्या मधल्या रांगेत तीन वेगळ्या सीट आहेत आणि प्रत्येक पुढे-मागे सरकते. वर्षातून सात-आठ वेळाच सहा जण प्रवास करणार असते, तर आम्ही तुम्हाला हीच घ्या म्हटलं असतं, कारण वाचणारे वीस-पंचवीस लाख थोडे नाहीत. क्यू७चं ३ लिटर पेट्रोल इंजिन आणि घाटातली पकड दोन्ही छान, पण तिसरी रांग मुलांपुरतीच. शिवाय एक्ससी९० आणि क्यू७ दोन्ही आपल्याकडे पेट्रोलमध्येच मिळतात. डिफेंडर खराब रस्त्याची राणी आहे, पण सत्तरीच्या माणसाला तिच्यात चढणं आणि कुणालाही तिच्या तिसऱ्या रांगेत शिरणं, दोन्ही कष्टाचं.

टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नका. सहाही जण, दोन्ही मुलांच्या सीट आणि गावी नेता त्या बॅगा घेऊन जा. तिन्ही रांगा उभ्या असताना जीएलएसची डिकी ३५५ लिटरची आहे. ऐकायला बरी वाटते, पण दोन मध्यम बॅगा आणि बाळाची ढकलगाडी ठेवली की भरते. एक्स७ची त्याहून लहान, आणि तिचं मागचं दार दोन भागांत उघडतं. खालची फळी बसायला चांगली, पण कमी उंचीच्या माणसाला तिच्यावरून वाकून आत हात घालणं जड जातं. पत्नीला स्वतः बॅग ठेवून पाहू द्या.

आईंना साडीत चढू-उतरू द्या, तेही एकदा नाही, लागोपाठ तीनदा. सीटची कड त्यांच्या बसायच्या उंचीच्या आसपास आली तर चढायला ‘सरकून बसणं’ पुरतं. त्याहून वर गेली की उडी मारावी लागते. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे) असलेल्या गाड्या उभ्या असताना काही सेंटीमीटर खाली बसतात. ते बटण कुठे आहे आणि किती सेकंद लागतात ते बघा. बाजूची पायरी रुंद असेल तर पावसाळ्यात तिचा चिखल साडीच्या काठाला लागतो. अशा घरांना आम्ही पायरीऐवजी आतल्या खांबावरची पकडायची मूठ तपासायला सांगतो. मधल्या रांगेच्या दोन्ही दारांशी ती हवी.

दुपारी बाराच्या उन्हात तिसऱ्या रांगेत वीस मिनिटं बसा. एसीची हवा येणारी जाळी तिथे आहे का, तिचं नियंत्रण वेगळं आहे का, हे पाहा. कुंभार्ली घाटात मुलांना उलट्या होतात त्या बहुधा याच रांगेत. ती मागच्या चाकांच्या अगदी वर असते, त्यामुळे हेलकावा जास्त बसतो, आणि पुढचा रस्ता दिसत नाही. घाट सुरू होण्याआधी मुलीला मधल्या रांगेत आणि आईंना मागे बसवता येत नाही, हे ध्यानात घेऊन घाटात वेग उतरवा. गाडी कितीही महाग असली तरी वळणावर ब्रेक मारायची सवय तिला झाकता येत नाही.

प्रश्न : गाडीत आठ-नऊ एअरबॅग आहेत. मग मागच्या सीटवर बेल्ट आणि मुलाला वेगळी सीट खरंच लागते का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : लागते. एअरबॅग बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते. बेल्ट नसेल तर शरीर बॅग फुगण्याआधीच पुढे फेकलं जातं. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. महागडी, सुरक्षित मानली जाणारी गाडी. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसन नसेल तर १,००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, सीट नीट बसवा. आयसोफिक्सचे दोन्ही हुक ‘खट्’ आवाज येईपर्यंत ढकला, हिरवी खूण दिसली पाहिजे. वरचा पट्टा पाठीमागच्या कडीला ताणा. मग सीटला बेल्ट अडकतो तिथे धरून जोरात हलवा. अडीच सेंमीहून जास्त हलली तर पुन्हा बसवा. पट्टे आवळल्यावर मुलाच्या खांद्यावर पट्ट्याची चिमूट घेता येता कामा नये. थंडीत जाड जाकीट काढून मगच पट्टे लावा. मागे तोंड केलेली सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही ठेवू नका.

प्रश्न : दीड वर्षाच्या डिझेल एसयूव्हीत सारखा डीपीएफचा दिवा लागतो. सर्व्हिस सेंटर म्हणतं, ‘हायवेवर फिरवा.’ रोजचा प्रवास म्हणजे मुलांची शाळा, येऊन-जाऊन सहा किलोमीटर. गाडी सदोष आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : गाडी सदोष नाही, तुमच्या वापराला ती चुकीची आहे. विक्रेत्याने हे विकतानाच सांगायला हवं होतं.

बीएस-६ डिझेलच्या धुरातली काजळी एका गाळणीत अडकते, तीच डीपीएफ. ती भरत आली की गाडी जादा डिझेल टाकून गाळणी साधारण ६०० अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळते. याला सलग १५-२० मिनिटं लागतात. तुमची गाडी तापायच्या आतच शाळेच्या फाटकाशी बंद होते. जाळणं अर्धवट राहतं, आणि न जळलेलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि पातळी चक्क वाढते. ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, बदलून घ्या.

जाळणं सुरू आहे हे ओळखता येतं : उभ्या गाडीचे आरपीएम शे-दोनशेने चढलेले असतात, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरतो, गरम लोखंडासारखा वास येतो. अशा वेळी गाडी बंद न करता एक मोठा फेरा मारून या. आठवड्यातून एकदा अर्धा तास, ६० ते ८०च्या एकसारख्या वेगाने चालवा. तुमच्यासाठी पडघ्याच्या पुढचा नाशिक हायवे किंवा आमणेहून समृद्धी बरी, घोडबंदर रोड नाही. टाकीत पाव भागाहून जास्त डिझेल असू द्या, कारण बऱ्याच गाड्या इंधन कमी असताना जाळणं सुरूच करत नाहीत. इंजिन ऑइल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या कमी राखेच्या प्रतीचंच घाला; साध्या ऑइलची राख गाळणीत कायमची बसते, ती जळत नाही.

अ‍ॅडब्लूबद्दलही इथेच सांगतो. ते डिझेलचा धूर शुद्ध करायला लागणारं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण असतं. वेगळ्या, बहुधा निळ्या टोपणाच्या तोंडातून भरायचं. सीलबंद डबाच घ्या. पाणी मिसळू नका. चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, गाडी उचलून न्या. पंप एकदा फिरला की ते सगळ्या इंजेक्टरांपर्यंत पोचतं आणि खर्च लाखांत जातो. पातळी शून्यावर गेली की बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही, म्हणून पहिल्याच सूचनेला भरा.

बदलायचीच असेल तर तुमच्या वापराला हायब्रिड योग्य. लेक्सस एनएक्स ३५०एचसारख्या गाडीत शाळेच्या रांगेत पेट्रोल इंजिन बराच वेळ बंदच असतं, आणि लेक्ससने जून २०२४पासून आपल्या गाड्यांना ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटरची वॉरंटी दिली आहे. एनएक्स पाचच सीटची आहे, एवढं लक्षात घ्या.

प्रश्न : कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावर दोन महिन्यांत दोन टायरना फुगे आले. २१ इंची चाकं आहेत. स्टेपनी नाही. दुसऱ्या कंपनीचे टायर टाकू का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कंपनी बदलून फरक पडणार नाही, चाकाचा आकार बदलून पडेल. टायरवरचा दुसरा आकडा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. २७५/५० आर २० टायरची भिंत १३७ मिमी. जवळजवळ त्याच बाहेरच्या व्यासाचा २७५/४० आर २२ घेतला तर ११० मिमी. खड्ड्याच्या कडेला आदळताना भिंत रिम आणि डांबराच्या मध्ये चिमटते आणि आतले दोरे तुटतात. फुगा म्हणजे तेच तुटलेले दोरे. त्याला पंक्चर काढणं, पॅच मारणं असला इलाज नाही. तो टायर हायवेवर न्यायचाच नाही.

तुमच्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला कोणतं चाक येतं ते पाहा. १९ किंवा २० इंची बसत असेल, ब्रेकच्या कॅलिपरला घासत नसेल आणि बाहेरचा व्यास तेवढाच राहत असेल, तर ते चार रिम आणि टायर घ्या. दिसायला जरा कमी रुबाबदार, पण तुमच्या रस्त्याला हेच बरोबर.

स्टेपनी नाही याचा अर्थ बहुधा टायर रन-फ्लॅट आहेत : हवा गेली तरी ताशी ८० किमीच्या आत साधारण ८० किमी जाता येतं. पुस्तिकेतला आकडा पाहा. आंबा घाटात रात्री चाक बदलत बसावं लागत नाही, हा फायदा खरा. पण त्यांची भिंत कडक असते, धक्के जास्त जाणवतात, आणि भिंतच फाटली तर तेही कामाचे नाहीत. साधे टायर टाकले तर डिकीत छोटी स्टेपनी आणि जॅक ठेवावाच लागेल. एका चाकाच्या बदलीत चारचाकी ड्राइव्हच्या गाडीला जपा : एकाच अ‍ॅक्सलवर एक नवा, एक झिजलेला असा जोड ठेवू नका. नक्षीत तीन मिमीचा फरक पडला तरी ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. चालकाच्या दाराच्या खांबावर दोन आकडे असतात, दोघांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी. सहा जण आणि सामान असेल तर दुसरा पाळा. समृद्धीच्या काँक्रीटवर १२०ने निघणाऱ्यांनी तर विसरूच नये. कमी हवेचा टायर तिथे सतत वाकतो, तापतो आणि फुटतो. टायरवरचे शेवटचे चार अंक, उदाहरणार्थ २३२४, म्हणजे २०२४चा २३वा आठवडा. शोरूममध्ये वर्षभर उभ्या असलेल्या गाडीचेही तपासा. आणि खड्डा चुकवता येत नसेल तर त्यात चाक पडायच्या क्षणी ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असताना पुढचं सस्पेन्शन आधीच खाली बसलेलं असतं आणि सगळा मार टायर खातो.

प्रश्न : ९० लाखांची पेट्रोल एसयूव्ही स्वतःच्या नावावर घ्यावी की आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या? – एक वाचक, सांगली

उत्तर : महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक पासिंगचा कर १३ टक्के, डिझेलला १५. कंपनीच्या नावावर घेतली तर सरसकट २० टक्के. म्हणजे तुम्हाला ११.७ लाखांऐवजी १८ लाख, ६.३ लाख जास्त. या कराची कमाल मर्यादा जुलै २०२५पासून २० लाखांची ३० लाख झाली आहे.

दुसऱ्या पारड्यात घसारा. कंपनीला गाडीवर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा मिळतो. पाच वर्षांत ९० लाखांवर साधारण ५० लाख. २५ टक्के कर धरला तर साडेबारा लाखांची बचत. कर्जाचं व्याज, विमा आणि इंधन खर्चात पडतं ते वेगळं. त्यामुळे नफ्यात असलेल्या कंपनीला जादा आरटीओ कर भरूनही परवडू शकतं; तोट्यातल्या कंपनीला नाही. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच, म्हणून दिवाळीच्या मुहूर्तापेक्षा सप्टेंबरमधली डिलिव्हरी फायद्याची. घरगुती वापर तुमच्या पगारात सुविधा म्हणून धरला जातो, तो हिशेब सीएकडून करून घ्या. गाडीवर भरलेल्या ४० टक्के जीएसटीचं क्रेडिट अशा प्रवासी गाडीवर मिळत नाही. १० लाखांवरच्या गाडीवर शोरूम १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) घेतं, इथे ९० हजार. ते विवरणपत्रात परत मागता येतात. बरेच जण मागायलाच विसरतात.

प्रश्न : पाच वर्षं जुनी, एअर सस्पेन्शनची सात सीटर निम्म्याहून कमी किमतीत मिळते आहे. काय तपासू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : किंमत का पडली आहे तेच तपासायचं. या गाड्या जुन्या होतात, पण त्यांच्या सुट्या भागांची किंमत नव्या गाडीचीच राहते.

विक्रेत्याला सांगा की सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. टेप घेऊन जा. चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजून लिहा. एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्यात एक सेंमीहून जास्त फरक असेल, तर त्या कोपऱ्यातून रात्रभर हवा गेली आहे. आता गाडी सुरू करा, सगळ्यात वरच्या पातळीवर उचला आणि कान द्या. कॉम्प्रेसरची घरघर मिनिट-दोन मिनिटांत थांबली पाहिजे. थांबतच नसेल तर तो गळती भरून काढायला राबतो आहे आणि लवकरच जळणार. रबरी फुग्याच्या घड्यांवर साबणाचं पाणी फवारा. भेगा तिथेच पडतात, कारण धूळ घडीत अडकून रबर घासते; बुडबुडे आले की निदान पक्कं. एका बाजूचा फुगा गेला तर दुसऱ्या बाजूचाही धरून, कॉम्प्रेसर आणि रिलेसकट अंदाजपत्रक काढा आणि ती रक्कम किमतीतून कापा. चाक बदलताना किंवा गाडी उचलताना पातळी आपोआप बदलण्याची यंत्रणा आधी बंद करायची असते. ती न करता जॅक लावल्याने फाटलेले फुगे बरेच दिसतात.

मग पूर. सगळे सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. पुरात बुडालेल्या गाडीच्या बेल्टच्या शेवटच्या वीतभर भागावर चिखलाची रेघ राहते. आतलं सगळं धुतात, बेल्ट पूर्ण ओढून कुणी धुत नाही. सीटखालचे रूळ आणि स्क्रू गंजलेत का, डिकीच्या तळाशी स्टेपनीच्या खळग्यात ओल आहे का, हेही पाहा. डिकीतली ओल पुराचीच असते असं नाही. काचेच्या छताच्या चार कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या पानांनी, धुळीने तुंबल्या की पाणी छताच्या अस्तरातून मागे उतरतं. काही गाड्यांत तिथेच बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक पेट्या बसवलेल्या असतात. छताच्या कडेच्या खळग्यात पेलाभर पाणी ओता, चाकांमागून खाली ठिबकलं पाहिजे.

कागदपत्रांत चासी क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद मागा. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर बँकेचा बोजा आणि चलनं पाहा. गाडी दिल्लीकडची असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि इथे भरायचा कर धरूनच भाव ठरवा. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध असल्याने तिथून स्वस्त गाड्या खाली येतात.

विम्यात पाच वर्षांपर्यंतची घोषित किंमत (गाडी पूर्ण गेली तर मिळणारी रक्कम) ठरलेल्या दराने कमी होते. चौथ्या ते पाचव्या वर्षात निम्मी. दुरुस्तीत प्लॅस्टिक आणि रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापतात आणि या गाडीच्या बंपरात प्लॅस्टिकच प्लॅस्टिक आहे. म्हणून झीरो-डेप (घसारा न कापणारा विमा) मिळत असेल तर घ्या, आणि इंजिन संरक्षण तर नक्की. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारून इंजिन वाकवलं, तर साधा विमा ते भरत नाही. बंद पडली की तशीच ढकलून बाहेर काढा.

प्रश्न : चौघांचं कुटुंब, पुणे–नाशिक नेहमीचं. इलेक्ट्रिक घ्यायची हिंमत करावी का? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : करा, घरी चार्जर बसत असेल तर. बीएमडब्ल्यूची चेन्नईत बनणारी लांब आयएक्स१ तुम्हाला जमेल : २,८०० मिमी व्हीलबेस, ६६.४ किलोवॅट-तासांची बॅटरी. कंपनी ५३१ किमी सांगते; एसी आणि हायवेचा वेग धरून साडेतीनशेची आखणी करा. नाशिकपर्यंतचे सव्वादोनशे त्यात बसतात. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर पूर्ण चार्ज व्हायला जवळजवळ दिवस जातो, ७.४ किलोवॅटवर रात्र, ११वर साडेसहा-सात तास. पण ११साठी थ्री-फेज जोडणी लागते. महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज आणि सोसायटीची संमती गाडी बुक करण्याआधी मिळवा. जीएसटी ५ टक्के, आणि राज्याच्या २०२५च्या ईव्ही धोरणानुसार मोटार वाहन कर माफ. तिसरी रांग नाही, हे तुम्हाला चालेल.

प्रश्न : आमच्या इमारतीत यांत्रिक पार्किंग आहे. जीएलएस मावेल का? – एक वाचक, दादर

उत्तर : पॅलेटवरची, म्हणजे गाडी उभी राहते त्या लोखंडी फळीवरची, पाटी वाचा. बऱ्याच जुन्या यंत्रणा २,००० किलोच्या असतात. जीएलएस किंवा एक्स७ रिकामी असतानाच अडीच टनांच्या आसपास भरते. जीएलएस ५.२ मीटर लांब, आरसे सोडून १.९६ आणि आरसे धरून २.१६ मीटर रुंद. पॅलेटच्या दोन पाळ्यांमधलं अंतर टायरच्या बाहेरच्या कडांपेक्षा १० सेंमी तरी जास्त हवं, नाहीतर रिम रोज घासणार. उंची मोजताना छताकडे नाही, सर्वांत खाली आलेल्या बीमकडे, स्प्रिंकलरच्या पाइपकडे बघा. मागचं दार उघडल्यावर किती वर जातं ते शोरूममध्येच टेपने मोजून घ्या. बहुतेक गाड्यांत ती उंची सेटिंगमधून कमी करता येते. पाटीवरचं वजन कमी असेल, तर देखभाल करणारा ‘चालतं हो’ म्हणाला तरी गाडी चढवू नका. खाली दुसऱ्याची गाडी असते, आणि कधी कधी माणूसही.